कोठा सातमधला तेरावा

डुक्कर म्हटलं की शिवी होते आणि वराह म्हटलं की अनुदान मिळतं, हे आजऱ्याच्या डोंगरपट्ट्यात उशिरा का होईना, सगळ्यांच्या ध्यानात आलं. मग वराहपालकांचा संघ निघाला. संघाला अध्यक्ष मिळाले, अध्यक्षांना जीप मिळाली आणि सगळ्यांत शेवटी डुकरांना डॉक्टर मिळाली. डॉक्टर वसुधा शिंत्रे. ज्या घरात अंड्याचं नावसुद्धा दबक्या आवाजात घेत, त्या घरची ही थोरली सून. संध्याकाळी ती फार्मवरून परतली की सासूबाई परसदारी गरम पाण्याची बादली काढून ठेवत आणि अंघोळ झाल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. पगार मात्र उंबऱ्याच्या आत घेत.

डुकराच्या पोटाचं दुखणं त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. दुसऱ्या टोकाला बघावं लागतं. वसुधाबाईंनी नोकरीची पहिली कितीतरी वर्षं हेच केलं. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या शेपटीखाली पिवळं पाणी दिसलं, तर जंतूंची हगवण. वाढत्या डुकराच्या शेणात शेंबूड आणि त्यात रक्ताच्या रेघा असल्या, तर रक्ती आव. रात्रीत अख्खा कोठा ओकायला आणि ढाळायला लागला, तर विषाणू. तिथे डॉक्टरने फक्त दारावर चुन्याची रेघ ओढायची आणि वाट बघायची. आणि शेण डांबरासारखं काळं, कान पांढरेफटक, जनावर उभ्या उभ्या दात खातंय, खाद्य पडलं की धावतंय आणि दोन घास घेऊन मागे सरतंय, असं दिसलं की समजायचं, जठरात व्रण आहे, आतल्या आत रक्त झिरपतंय. हे सगळं डोळ्यांनी, नाकाने आणि गुडघ्यांवर बसून करायचं काम.

मग नाकोबा आला आणि गुडघे सुटले.

कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. फार्मवरच्या लोकांनी ते पहिल्याच दिवशी टाकून दिलं. प्रेशर कुकरएवढी पांढरी पेटी, प्रत्येक कोठ्याच्या छताला एक, खाली दिवा: आजार असला की लाल, नसला की हिरवा. कोठ्यातली हवा ती आत ओढायची आणि हुंगायची. त्यातलं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. पोटात अब्जावधी जंतूंचं गाव वसलेलं असतं. आजार आला की गावातली वस्ती बदलते, आणि वस्ती बदलली की चुलीवरचा धूरही बदलतो. माणसाचं नाक त्या सगळ्याला मिळून ‘घाण’ म्हणतं. नाकोबा मात्र त्यातले दोनशे वायू वेगवेगळे मोजायचा, प्रत्येकाचं प्रमाण लावायचा आणि देशभरच्या लाखो डुकरांवर जे शिकला होता त्याच्याशी ताडून बघायचा. कानातल्या बिल्ल्यावरून डुक्कर ओळखायचा, फरशीतल्या काट्यावरून वजन घ्यायचा, आणि शेण पातळ व्हायच्या आधीच डॉक्टरांच्या फोनवर आजाराचं नाव पाठवायचा. बिल्ला नाही आणि आजाराचा वासही नाही, असं काही आत आलं तर तो मोजत नसे.

सुरुवातीला वसुधाबाई प्रत्येक निदान स्वतः तपासायच्या. ते प्रत्येक वेळी बरोबर निघायचं. मग अधूनमधून तपासायला लागल्या. मग फक्त फोन बघायला लागल्या. जे कधीच चुकत नाही त्याच्यावर लक्ष ठेवायला माणसाला लाज वाटते.

त्या दिवशी फोनवर आलं: ‘कोठा सात. नोंदलेले बारा, आढळले तेरा. अनोळखी जनावर. जठरव्रण, रक्तस्राव. खात्री सत्त्याण्णव टक्के.’

त्या कोठ्यात गेल्या. अंतोन बारदेसकर बादली घेऊन खाद्य टाकत होता. बारदेसकरांच्या पूर्वजांनी गोव्यातून घाट चढताना क्रूस आणि डुकरं दोन्ही बरोबर आणली होती, आणि अंतोन दोघांचीही सेवा मन लावून करत असे. डॉक्टर नवीन होत्या तेव्हा सुईला घाबरून पळणारं डुक्कर कसं कवेत घ्यायचं ते त्यानेच दाखवलं होतं.

“अंतोनभाऊ, बाहेरचं डुक्कर शिरलंय का आत?”

“बाहेरचं कशाला येतंय? आतलीच बाहेर जायला टपल्यात.”

त्यांनी मोजली. बारा. सगळ्यांचं शेण घट्ट, कान गुलाबी. अंतोन पाणी आणायला बाहेर गेला आणि फोन गप्प झाला. अंतोन आत आला, फोन पुन्हा बोंबलला.

“जरा बाहेर जाता?” डॉक्टर म्हणाल्या. तो गेला. “आता आत या.”

अंतोनने एकदा फोनकडे, एकदा छताकडे बघितलं. “म्हंजे तेरावा मीच की!” तो हसत सुटला. वसुधाबाई हसल्या नाहीत.

“संडासला काळं होतंय का?”

“बाईमाणसानं असलं इचारू न्हाई.”

“मी डॉक्टर आहे.”

“डुकरांची.”

“मग डुकरांच्याच यंत्रानं सांगितलंय. होतंय का?”

अंतोन बादलीत बघत राहिला. “होतंय. मला वाटलं, नाचणीच्या भाकरीनं.”

माणसांसाठीही एक ॲप होतंच. त्याने अंतोनला सगळे प्रश्न विचारले, ‘तातडीची लक्षणे नाहीत’ असा दिलासा दिला आणि जठरात दुर्बीण घालून बघण्यासाठी पुढच्या उन्हाळ्यातली तारीख दिली. तेव्हा दिवाळीसुद्धा यायची होती. वसुधाबाई म्हणाल्या, बेळगावला खासगीत जाऊ. अंतोन म्हणाला, “माझा बाप चालत दवाखान्यात गेला आणि खोक्यातनं घरी आला. नाकोबानं नाव सांगितलंय न्हवं? तो चुकलाय का कवा?”

चुकला नव्हता. हीच तर पंचाईत होती.

त्यात कंपनीचा आग्रह सुरू झाला. अनोळखी आजारी जनावर एकतर नोंदवा किंवा हटवा, नाहीतर सगळा फार्म लाल यादीत जाईल. लाल यादीतलं डुक्कर गोव्याची हद्द ओलांडू शकत नाही, आणि गोव्यात नाताळाची मागणी तोंडावर आलेली. वसुधाबाईंनी मदतकेंद्राला फोन लावला. तिकडून गोड आवाजातलं यंत्र बोललं.

“अहो, ते जनावर नाही, कामगार आहे,” वसुधाबाई म्हणाल्या.

“समजलं. कामगाराची जात सांगा. देशी, संकरित की विलायती?”

शेवटी त्या नोंदवायला बसल्या. अंतोन आणि त्याची बायको रोझालिन शेजारी स्टुलांवर. प्रकार: वराह. दुसरा पर्यायच नव्हता. लिंग: मादी, पैदाशीचा नर, खच्ची नर. अंतोनने रोझालिनकडे बघितलं.

“माझ्याकडं काय बघतोस?” ती म्हणाली. “पैदाशीचा लिव्हा डॉक्टर. पाच पोरं हायत. पुरावा हाय.”

वय. रकाना महिन्यांचा होता आणि त्यात दोनच आकडे मावत होते. अंतोन चोपन्न वर्षांचा. वसुधाबाईंनी ‘५४’ टाकलं. यंत्राने हिरवी खूण केली. चोपन्न महिन्यांचं डुक्कर म्हणजे फार्मच्या हिशेबात म्हातारं जनावर, पण क्वचित एखादी जुनी मादी तेवढी जगते. त्या आकड्यापाशी वसुधाबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. रोझालिनने पिवळा बिल्ला त्याच्या गळ्यातल्या गोफात, चर्चमधल्या माउलीच्या पदकाशेजारी अडकवला. क्रमांक ७०१३.

उपचार साधा निघाला. आम्ल कमी करणारी गोळी डुकरालाही तीच आणि माणसालाही तीच. फक्त डुकराची लवकर मिळते. त्याच्या जोडीला रक्तवाढीचं औषध आणि बारीक दळलेलं खाद्य बंद. हा शेवटचा सल्ला डुकरासाठी होता, पण रोझालिनने तोही पाळला आणि भाकरीचं पीठ जाडं दळून आणलं. अंतोनची जळजळ थांबली. काळं बंद झालं. नाकोबाने पंधरवड्यात कळवलं: ‘७०१३. व्रण भरत आहे. रक्तस्राव नाही.’ कोठ्यावरचा दिवा हिरवा झाला, गोव्याचा माल वेळेत घाट उतरला आणि नाताळात अंतोनने दोन वेळा वाढून घेतलं.

बातमी पसरली. माणसांच्या ॲपवर तारखेची वाट बघून कंटाळलेली माणसं कोठा सातच्या दारात यायला लागली. डुक्कर आडवं गेलं तर परत फिरणारी, नाव निघालं तर चूळ भरणारी मंडळी बारा डुकरांच्या मधोमध उभी राहून ‘माझंबी बघा की’ म्हणायला लागली. पाहुण्यांसाठी एक जादा बिल्ला नोंदवून खिळ्याला लावला होता; गळ्यात घालायचा, दिवा बघायचा, काढून पुढच्याला द्यायचा. निवृत्त शिक्षक होलम मास्तरांना जुना आमांश निघाला. औषधाने तो गेला, आणि मास्तर विज्ञानाचा विजय या विषयावर रांगेतच भाषण देऊ लागले. एके दिवशी पदराने नाक दाबून वसुधाबाईंच्या सासूबाई आल्या. त्यांना जंत निघाले. त्या संध्याकाळी परसदारी बादली दिसली नाही.

अंतोन रांग लावायचा, बिल्ला द्यायचा, दिवा वाचून दाखवायचा. त्याच्या आयुष्यात त्याला इतक्या लोकांनी ‘अंतोनराव’ म्हटलं नव्हतं. त्याचं वजन उतरतंय हे नाकोबा दर आठवड्याला कळवत होता, पण आजाराच्या रकान्यात ‘नाही’ येत होतं. वजनाची ओळ बारीक अक्षरांत असे आणि आजाराची मोठ्या. वसुधाबाई मोठी अक्षरं वाचत.

मार्चच्या उन्हात तो सदरा काढून हौद धूत होता. गळ्यातला गोफ पाठीला पीळ पडून वर सरकला होता. तो सारखा करायला त्याने मान वळवली, आणि डाव्या हाडाच्या वर, मानेच्या खळग्यात, वसुधाबाईंना एक उंचवटा दिसला.

“हे कधीपासून?”

“कुठलं? हे व्हय? दुखत न्हाई.”

त्यांनी बोट लावलं. सुपारीसारखं टणक, जागचं हलत नव्हतं. त्यांना आता तो सगळाच दिसला: कानशिलं खोल गेलेली, विजार दोरीने बांधलेली. हे सगळं त्यांच्यासमोर रोज उभं राहत होतं, हिरव्या दिव्याखाली.

पोटातल्या कर्करोगाची गाठ कधीकधी तिथे वर येऊन बसते, हे त्यांना माहीत होतं. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या गाठी त्यांनी कापल्या होत्या, म्हाताऱ्या बैलांच्या शिंगाचे कर्करोग बघितले होते. डुकराचा एकही नाही. शेकडो डुकरं फाडून बघितली, एकाच्याही जठरात नाही. हौदाच्या काठावर बसल्यावर कारण त्यांच्या ध्यानात आलं. डुकराला कर्करोग होत नाही असं नाही. त्याला तेवढं जगूच देत नाहीत. सहाव्या महिन्यात त्याचा हिशेब संपतो. नाकोबा ज्या लाखो डुकरांवर शिकला, त्यांतलं एकही खरोखरच्या म्हातारपणापर्यंत पोचलं नव्हतं. म्हातारपणाचे आजार त्याच्या जगात नव्हतेच. अंतोनच्या पोटातून वास आला तेव्हा त्याने माहितीतलं सगळ्यांत जवळचं नाव उचललं, सत्त्याण्णव टक्के खात्रीने. व्रण होताच. तो कर्करोगावरचा होता. गोळीने व्रण भरला, दुखणं झाकलं गेलं आणि खालचा निवांत वाढत राहिला.

बेळगावला फोटो काढले. तिथल्या डॉक्टरने ते उजेडाला धरले आणि विचारलं, “इतके दिवस औषध कोण देत होतं?”

“डुकरांचं यंत्र,” अंतोन म्हणाला. डॉक्टरला वाटलं, गावाकडचा माणूस कुणालातरी शिवी देतोय.

परत आल्यावर वसुधाबाईंनी मदतकेंद्राला चुकीचं निदान दुरुस्त करायला सांगितलं.

“वराहांमध्ये आपण म्हणता तो आजार आढळत नाही,” गोड आवाज म्हणाला.

“आढळेल कसा? तुम्ही जगूच देत नाही त्यांना.”

“आपला अभिप्राय मोलाचा आहे. ‘यंत्राचं निदान चुकलं’ हा पर्याय जनावर मृत नोंदवल्यानंतरच उघडतो. त्यानंतर तपासणी होईपर्यंत सर्व यंत्रे बंद राहतील आणि फार्म लाल यादीत जाईल.”

अंतोन कोठ्याच्या कट्ट्यावर बसून ऐकत होता. “मग थांबा की थोडं,” तो म्हणाला. “लई दिवस न्हाई थांबावं लागायचं.”

“अंतोनभाऊ!”

“रागावता कशाला? मी गेलो की दाबा ते. माणसं रांग लावतात हितं डॉक्टर. मीच बिल्ला घालतो एकेकाच्या गळ्यात. त्यातल्या कुणाला माझ्यासारखं असलं तर? हा बाबा हिरवा दावणार, आणि ते घरी जाऊन दोनदा वाढून घेणार.” त्याने छताकडे हात केला. “त्याला ह्यो वास शिकवला पायजे. मी गेलो की ते बटण दाबा म्हंजे झालं.”

त्यांनी रांग बंद केली. म्हणजे करून बघितली. लोक म्हणाले, डॉक्टरांना कुणीतरी पैसे चारले. अध्यक्ष जीपमधून येऊन म्हणाले, लोकसेवा आहे, चालू ठेवा. रांग चालू राहिली. अंतोन मात्र रोज कोठा सातमध्ये येऊन खुर्ची टाकून बसायचा. जेवण गेलं, आवाज गेला, तरी यायचा. नाकोबाखाली तोंड उघडं ठेवून हळूहळू श्वास सोडायचा, पोराला अक्षरं गिरवायला शिकवावं तसा. बारा डुकरं त्याच्या पायाशी लोळायची. फोनवर यायचं: ‘७०१३. आजार नाही. वजन घट. अनुत्पादक. कमी करण्याची शिफारस. होय / नंतर.’ वसुधाबाई रोज ‘नंतर’ दाबायच्या.

एक दिवस खुर्ची रिकामी राहिली.

माती झाल्यावर वसुधाबाई मृत नोंदीसाठी लागणारा बिल्ला घ्यायला म्हणून बारदेसकरांच्या घरी गेल्या आणि चहा घेऊन परत आल्या. मागता आला नाही. नव्या कामगाराची शोधाशोध झाली, संघाने अंतोनच्या जागी रोझालिनला कामावर घेतलं, आणि ती पहिल्या दिवशी बादली उचलून कोठा सातमध्ये शिरली तेव्हा वसुधाबाईंचा फोन वाजला.

‘७०१३. वजनवाढ सव्वीस किलो. आजार नाही. उपचार यशस्वी.’

रोझालिनच्या गळ्यात गोफ होता. माउलीचं पदक आणि शेजारी पिवळा बिल्ला.

थोड्या वेळाने कंपनीचाच फोन आला. या वेळी खरा माणूस होता, आणि आनंदात होता. “मॅडम, अभिनंदन! ७०१३ची केस आम्ही तुमच्या नाकोबाच्या, सॉरी, यंत्राच्या प्रशिक्षणात घेतोय. व्रण, अशक्तपणा आणि मग एवढी सुधारणा! हा वास म्हणजे बरा होणारा व्रण, हे आता देशभरच्या सगळ्या यंत्रांना शिकवणार. पुढे माणसांचंही यंत्र काढायचा विचार आहे.”

वसुधाबाई कोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. अंतोन खुर्चीत बसून जे शिकवत होता ते त्या पेटीने मन लावून शिकलं होतं. उत्तर तेवढं उलटं लिहून घेतलं होतं.

“वहिनी, तो बिल्ला द्या मला. त्यांना मृत नोंदवायचंय.”

रोझालिनने फोनवरची ओळ वाचली. तिला वाचायला वेळ लागला. मग तिने बिल्ला मुठीत घट्ट धरला.

“देवा सायबा! बरा झालाय म्हणतोय त्यो.” ती डुकरांकडे बघत म्हणाली, “असू द्या डॉक्टर. कुठंतरी तरी बरा झालाय. कुणाचं काय जातंय?”

बाहेर रांग लागली होती. पहिले होलम मास्तर. त्यांनी खिळ्यावरचा बिल्ला स्वतःच काढून गळ्यात घातला आणि सरावाने नाकोबाखाली जाऊन उभे राहिले.

“काय विशेष न्हाई,” मास्तर म्हणाले. “जरा जेवण जात न्हाई. दोन घास खाल्ले की पोट भरतंय. म्हटलं, दाखवून घ्यावं.”

दिवा हिरवा लागला.

मास्तरांच्या सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली होती, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखी. वसुधाबाईंनी फोन खिशात ठेवला.

“मास्तर, वरचं बटण काढा.”

“हिरवा हाय न्हवं?”

“काढा.”

त्यांनी डाव्या हाडाच्या वरच्या खळग्यात बोटं टेकली. हरभऱ्याएवढं काहीतरी बोटाखाली आलं आणि जागचं हललं नाही. मास्तर छताकडे बघून समाधानाने हसत होते. वसुधाबाईंनी मान वळवली तर रोझालिन त्यांच्या बोटांकडे बघत होती. ती जागा तिने कितीतरी दिवस तेलाने चोळली होती.

तिने बादली खाली ठेवली. गोफ गळ्यातून काढला, पदक सोडवून घेतलं आणि बिल्ला डॉक्टरांच्या हातावर ठेवला.

“मेलाय म्हणून सांगा त्याला,” ती म्हणाली.

वसुधाबाईंनी ७०१३ मृत नोंदवला. कारण विचारलं गेलं. यादी लांब होती: विकला, कापला, चोरीस गेला, आजाराने मेला. सगळ्यांत खाली ‘यंत्राचं निदान चुकलं’ हा पर्याय उघडला होता. त्यांनी तो दाबला. यंत्राने एकदा विचारलं, खात्री आहे का. किती टक्के, ते विचारलं नाही.

फार्मवरचे सगळे दिवे एकदम लाल झाले. त्या उजेडात बारा डुकरं, रोझालिन आणि दाराबाहेरची अख्खी रांग सारख्याच रंगाची दिसायला लागली.

“आँ?” मास्तर उघड्या गळ्याने छताकडे बघत म्हणाले. “आत्ताच तर बरा होतो की मी.”